जुन्या फायलिंग कॅबिनेटचा स्मोकर: कुठे चांगला चालतो, कुठे गळतो

चार ड्रॉवरच्या लोखंडी फायलिंग कॅबिनेटचा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवायची पेटी, करायचा विचार असेल तर निकाल आधीच सांगतो. अख्खी कोंबडी, बांगडा, बोकडाचा खांदा यांसाठी तो उत्तम आहे. आठ-दहा तास लागणाऱ्या पोर्कच्या मोठ्या तुकड्यासाठी आहे तसा वापरला तर तो कोळसा खातो आणि माणसाला शेजारून हलू देत नाही. पत्रा पातळ असतो आणि समोरच्या बाजूला चार ड्रॉवरच्या चार चौकटी म्हणजे चार लांबलचक फटी असतात. या दोन गोष्टींवर जितकं काम कराल तितका स्मोकर चांगला होईल. बाकीचं, म्हणजे चाकं, रंग, लाकडी मुठी, नंतर बघता येतं.

नाशिकमध्ये ही कॅबिनेटं मिळायला अडचण नाही. शाळा, पतसंस्था, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ऑफिसं संगणकावर गेली आणि फायलींचं लोखंड बाहेर पडलं. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, त्यामुळे सगळं एका जागी मिळेल असं धरू नका. जुनं ऑफिस फर्निचर विकणाऱ्यांकडे आधी विचारा. भंगाराच्या भावात घेत असाल तर वजन समोर करून घ्या. साधं चार ड्रॉवरचं कॅबिनेट ४० ते ५० किलोच्या आसपास भरतं. उचलताना त्याच्या दुप्पट-तिप्पट जड लागलं तर ते आगरोधक कॅबिनेट असण्याची शक्यता आहे. ते घेऊ नका. त्याच्या दोन पत्र्यांमध्ये भरण असतं, जुन्या मालात ते एस्बेस्टॉसचंही असू शकतं, आणि ते कापणं म्हणजे ती धूळ श्वासात घेणं.

साधारण माप ५२ इंच उंच, १८ इंच रुंद, २४ इंच खोल. आतली जागा ३७० लिटरच्या आसपास. पत्रा २० ते २२ गेज, म्हणजे ०.९ ते ०.७ मिमी. घेताना समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोघांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे. असे ड्रॉवर तापल्यावर हमखास अडकतात. तळाचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. पुसलेल्या फरशीचं पाणी वर्षानुवर्षं मुरून तो खालून कुजलेला असतो, आणि विस्तव नेमका त्याच्याच वर यायचा असतो.

दुसरं कुठलं फर्निचर चालेल का? दोन दारांचं साडेसहा फुटी कपाट मोहात पाडतं, पण त्यात आठशे लिटरच्या वर जागा असते. एवढी हवा तापवायला कोळसा दुपटीहून जास्त लागतो आणि दार उघडलं की सगळी ऊब एका क्षणात बाहेर जाते. कामगारांचे लॉकर उभे आणि अरुंद असल्याने धूर छान खेचतात, फक्त दारावरच्या हवेच्या झडपा आतून पट्टी लावून बंद कराव्या लागतात. दोन ड्रॉवरचं ठेंगणं कॅबिनेट घेऊच नका. विस्तव आणि मांस यांत हातभरही अंतर राहत नाही, मग खालची बाजू करपते आणि वरची कच्ची राहते.

आता रंग. बहुतेक लोक इथेच घाई करतात. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या कॅबिनेटवरच्या तेलरंगात शिसं असू शकतं, असंच धरून चालायला हवं. असा रंग आगीत जाळायचा नाही आणि ग्राइंडरने कोरडा घासायचाही नाही. पेंट रिमूव्हर लावा, फुगू द्या, ओला असतानाच पत्रीने (खरवडायच्या पात्याने) खरवडा. हातमोजे आणि मास्क घाला, काम उघड्यावर करा, खरवड कागदावर गोळा करून पिशवीत बांधा. परसातल्या मातीत पडू देऊ नका. नव्या कॅबिनेटवर पावडर कोटिंग असतं. नखाने किंवा पात्याने ओढलं तर ते प्लास्टिकसारखं सोलवटतं, जुना रंग कपच्यांनी उडतो. पावडर कोटिंगही आतून काढायचंच. स्मोकरमध्ये विस्तवाजवळचा पत्रा दोनशे अंशांच्या वर सहज जातो, आणि तिथे ते मऊ होऊन जळू लागतं.

हात दुखवायचे नसतील तर बंद बूथमध्ये सँडब्लास्टिंग करून घेणं सगळ्यात स्वच्छ. सातपूर-अंबड पट्ट्यात ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगची जॉबवर्क करणारे बरेच आहेत. त्यांना दोन गोष्टी आधी सांगा: पत्रा पाऊण मिमीचा आहे, दाब कमी ठेवा, नाहीतर मोठ्या बाजू पोक काढतात, आणि आतून प्रायमर मारायचा नाही. सवयीने ते लाल प्रायमर मारून देतात आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. ब्लास्ट केलेला पत्रा पावसाळ्यात काही तासांत तांबूस होतो, म्हणून माल हाती येताच आतून शेंगदाणा तेलाचा हात फिरवा.

जस्ताचा मुलामा असलेलं काहीही आत नको. जीआयची जाळी, जीआयचा डक्ट पाइप, पिवळे चकचकीत नटबोल्ट हे सगळं दुकानात पहिल्यांदा पुढे केलं जातं, कारण स्वस्त असतं. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, विस्तवाला टेकलेल्या भागात हे तापमान येतं, आणि त्याच्या धुराने ताप भरतो. मांसाखालच्या जाळीसाठी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस मागा. चुंबक लावून खात्री होते असं सांगतात, पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच उपाय.

प्रत्यक्ष बदल करताना सुरुवात तोडफोडीने करा. मधल्या कुलपाचा उभा दांडा काढून टाका. पत्रा तापून थोडा जरी वाकला तरी तो दांडा सगळे ड्रॉवर एकदम अडकवतो. ड्रॉवरचे बॉल बेअरिंगचे चॅनल काढा. त्यांत ग्रीस असतं, काहींना नायलॉनच्या चकत्या असतात, आणि दोन्ही गोष्टी तापून थेट जेवणावर गळतात. त्यांच्या जागी २५ × २५ × ३ मिमीचे अँगल दोन्ही बाजूंना बोल्टने बसवा आणि ड्रॉवर त्यांवर नुसते सरकू द्या. खडखडतील, पण अडकणार नाहीत. बोल्ट एम ६, स्टेनलेसचे. अ‍ॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट विस्तवाच्या ड्रॉवरजवळ टिकत नाहीत, सैल होतात.

वरच्या तीन ड्रॉवरचे तळ चारही बाजूंनी एक इंच काठ सोडून कापा आणि त्या काठावर जाळी टेकवा. काठ पूर्ण कापला तर ड्रॉवरचं चौकोनीपण जातं आणि तो पानासारखा पिळतो. मागची पाटी कापू नका, हा या सगळ्या रचनेतला सगळ्यात कामाचा भाग आहे. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की मागची पाटी पुढे येऊन भोक झाकते. मांस बाहेर, ऊब आत. ज्या कॅबिनेटमध्ये ही पाटी निम्म्याच उंचीची आहे, तिथे वर एक पट्टी जोडून ती पूर्ण करा. दाराच्या स्मोकरला हे कधीच जमत नाही. ड्रॉवरचं कॅबिनेट निवडायचं ते याच कारणासाठी.

सगळ्यात खालचा ड्रॉवर विस्तवाचा. त्याचा मूळ तळ एका मोसमात गळून पडतो, म्हणून आत ३ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट टाका आणि तिच्यावर अग्निरोधक विटा आडव्या मांडा. विटेचं माप २३० × ११५ × ७५ मिमी. सात-आठ विटांत तळ झाकतो. बांधकामाच्या साध्या विटा पाणी धरतात आणि एकदम तापल्या की तडकतात. विटांवर एक्सपांडेड जाळीची १२ × १२ × ६ इंचांची कोळशाची टोपली ठेवा, खाली दीड इंच पाय लावून, म्हणजे राख पडायला आणि हवा फिरायला जागा राहते. या टोपलीत साधारण चार किलो लाकडी कोळसा मावतो. या ड्रॉवरचं तोंड एकदा बंद केलं की स्मोकर चालू असताना उघडायचं नाही. कोळसा टाकायला त्याच्या पुढच्या पाटीत ६ × ४ इंचांची छोटी झडप कापून घ्या. विस्तवाचा अख्खा ड्रॉवर ओढला की ताजी हवा भसकन आत जाते, तापमान आधी कोसळतं आणि पाच मिनिटांनी नको तितकं चढतं.

हवेसाठी टोपलीच्या पातळीखाली एक इंची चार भोकं, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, प्रत्येकावर सरकती पट्टी. वर मागच्या कोपऱ्यात ३ इंची एमएस पाइपची दोन फूट चिमणी. चारही भोकं मिळून तीन चौरस इंचांच्या थोडी वर जागा होते आणि चिमणीचं तोंड सात चौरस इंच. बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी हवी, हा नियम मोडू नका. चिमणी नेहमी पूर्ण उघडी ठेवा. धूर आत कोंडला की मांसाला जास्त चव लागेल असं वाटून ती बंद करणारे पुष्कळ आहेत. तिथे साठलेला धूर गार होऊन काळा, चिकट, कडू थर देतो आणि जीभ बधिर होते. तापमान आवरायचं ते खालच्या पट्ट्यांनी.

आता फटी. ड्रॉवरची पाटी चौकटीला जिथे टेकते तिथे ३ मिमी जाड, २० मिमी रुंद ग्लास फायबरची पट्टी उच्च तापमानाच्या सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉन चोवीस तास वाळू द्या. अशी पट्टी मागितली की काही जुन्या हार्डवेअर दुकानांत अजूनही एस्बेस्टॉसची दोरी काढून देतात. परत करा. नुसती पट्टी पुरत नाही, ड्रॉवर आत दाबून धरायला प्रत्येकाला बाजूने एक खटका लावा, पेटीला असतो तसा. खटका लावलेल्या आणि न लावलेल्या कॅबिनेटच्या कोळशाच्या खर्चात सरळ फरक पडतो.

विस्तव आणि पहिली जाळी यांच्या मधे एक आडवी प्लेट हवी, भिंतींपासून दीड-दीड इंच सुटी, आणि तिच्यावर दोन लिटर पाण्याचा स्टेनलेसचा ट्रे. चरबी विस्तवावर न पडता पाण्यात पडते, पेट घेत नाही. पाणी आटलं तर मात्र तीच चरबी ट्रेमध्ये करपते, म्हणून तासाभराने झडपेतून बघा.

वेल्डिंगबद्दल फॅब्रिकेटरशी स्पष्ट बोला. पाऊण मिमीच्या पत्र्यावर साध्या रॉडचं वेल्डिंग भोकं पाडतं. सीओटू वेल्डिंग (वायूच्या आवरणात बारीक तारेने केलेलं) असेल तरच टाके मारून घ्या, नाहीतर सगळं बोल्टवर करा. बोल्टवरचं काम उलट सोयीचं, कारण विस्तवाचा भाग दोन-तीन वर्षांनी बदलावाच लागतो. गेट-ग्रिल करणारा कारागीर हे काम सहज करतो. त्याला चित्र काढून मापं लिहून द्या आणि ‘चिमणी कुठे, भोकं कुठे, जाळी कुठली’ हे तीन प्रश्न त्याच्यावर सोडू नका. खाली ४० × ४० × ५ अँगलचा पाया, कॅबिनेटपेक्षा पुढच्या बाजूला सहा इंच जास्त, हाही त्याच्याकडून करून घ्या. तीन ड्रॉवर एकदम ओढले तर पाया नसलेलं कॅबिनेट विस्तवासकट पुढे कलतं.

पहिली पेटवणी रिकामी. आतून तेलाचा पातळ हात, भरपूर विस्तव, तीन तास. पहिला तासभर उग्र वास येतो, तो गेल्याशिवाय मांस आत नको. थर्मामीटर ड्रॉवरच्या पाटीवर लावायचा घड्याळी नको; तो पत्र्याजवळचं सांगतो, जाळीवरचं नाही. वायरचे दोन प्रोब असलेला डिजिटल घ्या, एक जाळीवर, एक मांसात. तो तपासायला उकळत्या पाण्यात धरा, पण १०० ची वाट बघू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. थर्मामीटर ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे.

चालवताना टोपली गार कोळशाने भरा, शेगडीत दहा-बारा खडे राखाडी होईतो पेटवा आणि ते वर मधोमध ठेवा. विस्तव वरून खाली हळूहळू उतरतो. चारही पट्ट्या उघड्या. जाळीवर ९० अंश आले की दोन बंद. १०५ ला एकच अर्धी उघडी. १०५ ते १२० या पट्ट्यात हे कॅबिनेट खटके नीट असतील तर चार-पाच तास राहतं. खर्च तासाला पाऊण ते एक किलो कोळसा. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात, निफाडच्या बाजूला तर नक्कीच, तो बराच वाढतो, आणि वारा सुटला की सगळा हिशेब बिघडतो. तिन्ही बंद बाजूंना सिरॅमिक वूलचा एक इंचाचा थर आणि वरून दुसरा पत्रा चढवला तर जास्त तासांचा स्वयंपाकही शक्य होतो. खर्च वाढतो, पण पोर्क करायचंच असेल तर तो टाळता येत नाही.

कोळसा बाभळीचा लाकडी घ्या. दगडी कोळसा जेवणाजवळ कधीच नाही. धुरासाठी पेरू, आंबा, चिंच यांची मुठीएवढी सुकी ढपली, एका वेळी दोन-तीन. ढपल्या पाण्यात भिजवायची पद्धत सोडा. आधी नुसती वाफ निघते आणि विस्तव गार पडतो. चिमणीतून निघणारा धूर जेमतेम दिसणारा, निळसर हवा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी आहे.

द्राक्षाच्या लाकडाचा धूर गोड आणि सौम्य असतो, आणि नाशिककरांना तो सोडून दुसरं काही सुचणार नाही हे समजण्यासारखं आहे. पण एप्रिलच्या खरड छाटणीत निघालेल्या काड्या उचलून आणू नका. त्यांवर वर्षभराच्या फवारण्यांचे अंश असतात, बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातलं मोरचूद असतं, ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांवर (कोंबांच्या जागी) हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग झालेलं असतं. जुनी बाग काढताना निघालेली मनगटाएवढी खोडं मिळवा, साल पूर्ण सोला, तार आणि सुतळी काढा, वर्षभर सावलीत सुकवा. मग ते लाकूड चिकनला अप्रतिम आहे. कडुनिंब, निलगिरी, सागवान, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन आणि प्लायवूड वर्ज्य.

सव्वा किलोची कोंबडी पाठीतून चिरून सपाट करा. किलोला १५ ग्रॅम मीठ, मिरी आणि धणे लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवा, म्हणजे कातडी कोरडी होते. दह्याचं मॅरिनेशन इथे घात करतं; ओल्या पृष्ठभागावर धूर नीट बसत नाही. १२० अंशांना दोन-सव्वादोन तास, मांडीच्या जाड भागात ७४ अंश येईपर्यंत. कातडी या तापमानाला कुरकुरीत होत नाही, चिवट राहते, ही या स्मोकरची मर्यादा आहे. शेवटी पाच मिनिटं उघड्या विस्तवावर उलटी धरा. बोकडाचा दीड किलोचा खांदा ११० ला ठेवा. आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान तासभर हलत नाही, कारण वरून पाणी उडत मांस गार होत असतं. विस्तव वाढवू नका. ७० पार झालं की फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि ९३ पर्यंत न्या. एकूण पाच तास धरा. बोकडात चरबी कमी, न गुंडाळलेला खांदा सुकटीसारखा होतो. बांगडा मात्र तेलकट असल्याने सगळ्यात सोपा: पाच टक्के मिठाच्या पाण्यात अर्धा तास, पंख्याखाली तासभर, मग ९० ते १०० अंशांना तासभर, आत ६३ अंश येईपर्यंत.

कोंबडी नेहमी सगळ्यात खालच्या जाळीवर, म्हणजे तिचं कच्चं पाणी दुसऱ्या कशावर गळत नाही. ती जाळी वरच्यांपेक्षा गरमही असते, तिला ते मानवतं. वरचा ड्रॉवर रिकामा ठेवू नका. सालासकट कांदे आणि लसणाचे अख्खे गड्डे तिथे अडीच-तीन तास राहिले की आत मऊ पडतात. त्या कांद्याचं आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घातलेला रस्सा एकदा तरी करून बघाच.

थंड धुराचा, म्हणजे मांस न शिजवता तीस अंशांखाली धुरावण्याचा प्रयोग या कॅबिनेटमध्ये करू नका. विस्तव आतच असताना ते तापमान राहत नाही, आणि कोमट हवेत तासन्‌तास पडलेलं कच्चं मांस विषारी होऊ शकतं. आतला भाग चार तासांच्या आत ६० अंश ओलांडून गेलाच पाहिजे. स्मोकर उघड्यावर ठेवा, भिंतीपासून दहा फूट. बंद गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

काम झालं की सगळ्या पट्ट्या बंद करून विस्तव विझू द्या, पाणी ओतू नका, विटा फुटतात. राख दुसऱ्या दिवशी काढा; राहिलेली राख ओल धरते आणि तळाला गंज तिथूनच सुरू होतो. ट्रेमधली चरबी गार झाल्यावर खरवडा, मोरीत ओतू नका. भिंतींवरचा कोरडा काळा थर राहू द्या, चकचकीत, पापुद्रे निघणारा थर मात्र पत्रीने काढा. जूनच्या आधी ड्रॉवर बाहेर काढून आतून तेलाचा हात द्या, चिमणीवर टोपी घाला, कॅबिनेट दोन विटांवर उचलून ठेवा आणि ड्रॉवर दोन बोटं उघडे सोडा. घट्ट बंद केलं तर गणपतीपर्यंत आत बुरशी चढते, आणि मग पहिल्या पेटवणीत पुन्हा तीन तास रिकामं तापवावं लागतं.